दुर्बिणीला उत्तर दिशा दाखवताना

दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने पहिल्या पगारातून एक जुनी दुर्बीण आणली. घरात थोडी कुरकुर झाली, पण रात्री वडाळ्यातल्या आमच्या इमारतीची सगळी मुले गच्चीवर हजर! गुरू ग्रह पाहायचा होता. पुतण्याने दुर्बीण लावली. एका मुलाने पाहिले, दुसऱ्याने पाहिले, तिसऱ्याला मात्र काहीच दिसेना. पुन्हा शोधा, पुन्हा लावा. रांगेत शेवटी तळमजल्याच्या आजी होत्या. चार जिने चढून आलेल्या. त्यांनी डोळा लावला आणि म्हणाल्या, "बाबा, मला तर नुसता काळोख दिसतोय." पुतण्या इतका ओशाळला की दुर्बीण आठवडाभर पलंगाखालीच राहिली.

दोष दुर्बिणीचा नव्हता. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून आकाश तासाला १५ अंश सरकताना दिसते. शंभर पट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून साधारण अर्धा अंश आकाश दिसते. म्हणजे ग्रह एका कडेहून दुसऱ्या कडेला दोन मिनिटांत जातो. लहान मुलाने एक डोळा मिटून दुसरा नीट लावेपर्यंतच मिनिट संपते.

यावरचा उपाय त्या दुर्बिणीतच होता, पण आम्हाला कळला नव्हता. तिची बैठक तिरक्या दांड्याची होती. अशा बैठकीला इक्वेटोरियल माउंट म्हणतात. तो दांडा पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवला की एकच चकती हळूहळू फिरवून ग्रह भिंगात धरून ठेवता येतो. आम्ही ती बैठक जागा मिळेल तशी, कुठेही तोंड करून ठेवत होतो. खुंटा तिरका बसला तर जात्याचा वरचा दगड नीट फिरेल का? तसेच हे.

दांडा किती तिरका हवा? आपण जितक्या अक्षांशावर राहतो तितका. वडाळ्याला १९ अंश. गाव बदलले की हा कोन बदलतो. पुण्यात कावसजी दादाभाई नायगमवाला या प्राध्यापकांच्या वेधशाळेत २० इंची मोठी दुर्बीण होती. १९१२ साली ती वेधशाळा बंद झाली आणि साहित्य कोडाईकनालला गेले. पुणे साडेअठरा अंशांवर, कोडाईकनाल दहा अंशांवर. तिथे दांडा आठ अंशांनी खाली झुकवल्याशिवाय भागत नाही. आमच्या दुर्बिणीच्या बैठकीवर अंशांच्या खुणा होत्या, त्यामुळे हे काम पाच मिनिटांत झाले.

खरी पंचाईत दिशेची. दांड्याचे टोक बरोबर उत्तरेला हवे. पुस्तके सांगतात, ध्रुवतारा पाहा. सप्तर्षीतल्या पुलहाकडून क्रतूकडे रेघ ओढून ती पुढे पाचपट वाढवली की ध्रुव सापडतो. मुंबईत तो क्षितिजापासून फक्त १९ अंश वर असतो. हिशेब असा की समोरची इमारत तुमच्या डोळ्यांपासून जितकी वर जाते, त्याच्या तिप्पट अंतराच्या आत ती असेल तर ध्रुव तिच्याआड गेलाच! आमच्या उत्तरेला नवा टॉवर उभा आहे. तिथे कसला ध्रुव दिसणार? आणि ज्या ताऱ्याला आपण लहानपणापासून अढळ म्हणत आलो, तोही अढळ नाही. खऱ्या ध्रुवबिंदूपासून तो सुमारे पाऊण अंश दूर आहे आणि त्या बिंदूभोवती रोज एक फेरी मारतो. डोळ्यांनी पाहण्यासाठी एवढी चूक चालते, फोटोसाठी चालत नाही.

पुतण्याने मोबाइलमधले होकायंत्र लावले. मुंबईत होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत फारसा फरक नाही. पण गच्चीवर लोखंडी जिना, कठड्यात सळ्या. दोन पावले सरकले की उत्तर बदले.

शेवटी मदतीला आला गवंड्याचा ओळंबा. आमचे शेजारी बांधकामावर गवंडी आहेत. एका रविवारी त्यांनी सपाट जागी एक काठी ओळंब्यात उभी केली. सकाळी नऊच्या सुमारास सावलीचे टोक जिथे पडले तिथे खूण केली आणि तेवढ्याच त्रिज्येचे वर्तुळ दोरीने काठीभोवती काढले. सावली दुपारपर्यंत आखडली, मग पुन्हा लांबली. वर्तुळाला ती दुसऱ्या बाजूने शिवली तिथे दुसरी खूण. दोन खुणांचा मध्य काढून तो काठीच्या बुंध्याशी जोडला. ती रेघ दक्षिणोत्तर. शेजारी म्हणाले, "भाऊ, पायाची आखणी काय आणि ही काय, एकच की!"

रेघेवर बैठक ठेवून रात्री ताऱ्याने तपासणी केली. मृगाच्या बाणातला पश्चिमेकडचा तारा जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावर आहे. तो दक्षिणेला सर्वांत उंच असताना भिंगाच्या मध्यावर आणायचा आणि चकतीने धरून ठेवायचा. तारा हळूहळू दक्षिणेकडे घसरला तर दांडा पूर्वेकडे वळलेला आहे, तो पश्चिमेला सरकवा. उत्तरेकडे घसरला तर उलट. भिंगातली दक्षिण ओळखायला नळी किंचित उत्तरेकडे ढकला. तारा ज्या कडेला जाईल ती दक्षिण. मग पूर्वेला उगवत असलेला तारा घ्या. तो दक्षिणेकडे घसरला तर दांडा खाली आहे, उत्तरेकडे घसरला तर वर. आम्हाला तीन रात्री लागल्या. पहिल्या रात्री आम्ही प्रत्येक वेळी उलटाच स्क्रू पिळत होतो!

ज्यांना मोकळे आकाश हवे त्यांनी कुर्ल्याला गाडी बदलून कर्जत लोकलने वांगणीला जावे. मुंबईच्या खगोल मंडळाचे आकाशदर्शन तिथे वर्षानुवर्षे होत आले आहे. तिथे ध्रुव दिसतो, म्हणून दिशेचा एवढा खटाटोप करावा लागत नाही.

चौथ्या रात्री आजींना पुन्हा वर आणले. पुतण्या शेजारी बसून चकती फिरवत होता. आजी सात-आठ मिनिटे डोळा लावून बसल्या, मागची मुले कुरकुरू लागली तरी हलेनात. गुरूशेजारचे चार ठिपके त्यांनी स्वतः मोजले आणि विचारले, "हे त्याचे चंद्र का रे?"

या मे महिन्यात गच्चीवर गळतीसाठी नवा थर दिला आणि आमची रेघ त्याखाली गेली. काठी जपून ठेवली आहे, ओळंबा शेजाऱ्यांकडे आहे. पाऊस संपला की एखाद्या रविवारी सकाळी नऊला पुन्हा गच्चीवर जायचे आहे.