नोंद माणसाची, मांडणी यंत्राची

गडचिरोलीत वह्या पुष्कळ लिहिल्या जातात. बांबू आणि तेंदूपत्त्याचा हिशेब ग्रामसभेच्या वहीत असतो, वनरक्षकाची बीटातली फिरस्ती त्याच्या डायरीत असते, शिक्षकांनी म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्या कथा कुठल्याशा कागदांवर असतात. वही भरून कपाटात गेली की तिच्यातले सापडेनासे होते. चॅटजीपीटी, जेमिनाय, क्लॉड यांसारखे सहायक आता मराठीत बोललेले लिहून घेतात, पानाचा फोटो वाचतात, वर्षापूर्वीची नोंद आजच्या नोंदीशेजारी आणून ठेवतात. ज्याच्याकडे ना कारकून ना ग्रंथपाल, त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे आणि ती जरूर वापरावी. मात्र यंत्राला कोणते काम द्यायचे आणि कोणते अजिबात द्यायचे नाही, हे आधी ठरले पाहिजे.

मारुती चितमपल्ली यांचे उदाहरण इथे जवळचे आहे. वनखात्याच्या नोकरीत नवेगाव बांधला असताना माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणत्यांकडून त्यांनी पाखरांची, माशांची, झाडांची माहिती ऐकली आणि टिपून ठेवली. गोंड आणि ढीवर माणसे त्यांचे गुरू होती. अशा टिपणांच्या बळावर पुढे ‘पक्षीकोश’ उभा राहिला. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. त्यांच्या कामाचे दोन भाग दिसतात. एक, रानात जाऊन माणसाजवळ बसणे, ऐकणे, पाहणे. दुसरा, साचलेले निवडणे, जुळवणे, वर्णानुक्रमाने लावणे. यातल्या दुसऱ्या भागातले कष्ट यंत्र पुष्कळ हलके करू शकते. पहिल्याला पर्याय नाही.

धोका जुळवणीतही आहेच. इकडे ज्याला येन म्हणतात, त्याला पश्चिम महाराष्ट्रात ऐन म्हणतात. त्यालाच सादडा असेही नाव आहे, आणि अर्जुनालाही अर्जुन सादडा म्हणतात. येन आणि ऐन एकत्र आणणारा सहायक त्याच झपाट्यात अर्जुनही त्यात मिसळून टाकेल, आणि वाक्य इतके सफाईदार लिहील की शंकाच येणार नाही. पुढच्या वेळी तो मूळ वही न वाचता स्वतःच्याच सारांशातून उत्तर देऊ लागला, तर ती एक चूक दहा ठिकाणी पोचते. म्हणून मूळ नोंदीला यंत्राने हात लावू नये. त्याने आपली मांडणी वेगळी ठेवावी आणि तिच्यातल्या प्रत्येक वाक्यापुढे वहीचा व पानाचा क्रमांक असावा.

हा काटेकोरपणा आपल्या जिल्ह्यात केवळ हौसेचा विषय नाही. वनहक्क कायद्याच्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे, तिच्यात सरकारी कागदपत्रांबरोबर दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले कथनही आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते आहे. ज्या गावांचे दावे अजून व्हायचे आहेत, तिथे म्हातारा माणूस ‘त्या नाल्यापलीकडे आम्ही पावसाळ्यातच गुरे न्यायचो’ असे सांगतो, तेव्हा ‘पावसाळ्यातच’ हा शब्द मोलाचा असतो. सारांश करताना यंत्र नेमके असेच शब्द गाळते. सांगणाऱ्याचे नाव, तारीख, जागा आणि त्याचे स्वतःचे शब्द हे माणसाने लिहावेत आणि आवाजही राखून ठेवावा.

आवाजाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ हे भाषांतराचे साधन आणले, त्यात गोंडीचा समावेश आहे. हे पाऊल चांगलेच आहे. पण भामरागडच्या माडिया आजीचे बोलणे त्यातून नीट उतरेल, असे गृहीत धरून मूळ ध्वनिमुद्रण पुसणे घातक ठरेल. आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा हाताशी राहते ती कागदाची वहीच.

परवानगीचा प्रश्न तर सर्वांत आधी यायला हवा. वैदूने विश्वासाने सांगितलेली मुळी फोनमधून दूरच्या कंपनीच्या संगणकावर जाते, हे त्याला सांगितलेले असते का? २००२ च्या जैवविविधता कायद्याने लोक जैवविविधता नोंदवहीची वाट दाखवली, ती गावाच्या समितीमार्फत जाते. खासगी संग्रहालाही तोच रिवाज लागू व्हावा. आशा कार्यकर्तीच्या वहीतली रुग्णांची नावे मात्र अशा सहायकाला कधीच देऊ नयेत.

मेंढा-लेखात अभ्यासगटांची रीत जुनी आहे: विषय घ्यायचा, बसून चर्चा करायची, मग सर्वसहमतीने निर्णय. यंत्राच्या मांडणीलाही हीच चाळणी लावता येईल. येत्या तेंदू हंगामात एखाद्या ग्रामसभेने एकाच विषयापासून सुरुवात करावी. गोंडवाना विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी लिहिण्यात मदत करावी. महिन्याकाठी यंत्राने लावलेली पाने सभेत मोठ्याने वाचावीत. कुणी ‘हे असे नव्हते’ म्हणाले, तर जुने खोडू नये. त्याचे म्हणणे नाव-तारखेसह खाली लिहावे आणि मगच पुढचे पान वाचावे.