गुडघ्याचा एक्स-रे आणि वैद्याची चिठ्ठी



संधिगतवाताचा रुग्ण आपल्यासमोर येऊन बसतो तेव्हा त्याच्या हातात बहुधा एक्स-रेचा मोठा लिफाफा असतो; अलीकडे लिफाफ्याऐवजी मोबाईलवर घेतलेले फिल्मचे छायाचित्रही चालते. "गुडघ्यात गॅप आलाय म्हणतात," हे त्याचे पहिले वाक्य असते. वस्तुतः गुडघ्याच्या क्ष-किरण चित्रात मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये जी काळी पट्टी दिसते, ती पोकळी नव्हे. तेथे तरुणास्थीचे आवरण व दोन्ही बाजूंच्या गाद्या असतात. क्ष-किरण त्यांतून जवळजवळ अडथळ्याविना पार होतात, म्हणून त्या दिसत नाहीत. ही पट्टी रुंद असणे हे आरोग्याचे लक्षण आहे आणि ती अरुंद होणे हा विकार. म्हणजे रुग्ण ज्याला आजार समजतो तो 'गॅप' टिकून आहे तोवर बरेच म्हणायचे!

रुग्णाच्या या गैरसमजास आपण हसतो. परंतु त्याच एक्स-रेबाबत आपण स्वतः किती काळजी घेतो, हा प्रश्न मला गेली काही वर्षे अस्वस्थ करीत आहे. आपण चिठ्ठीवर "एक्स-रे, उजवा गुडघा" एवढे लिहितो आणि बाकी सर्व तंत्रज्ञावर सोडतो. रुग्णास उभे करून चित्र घेतले की झोपवून, पाय सरळ होता की बाहेरच्या बाजूस कललेला, याची आपण चौकशी करीत नाही. हाडाचे चित्र ही सावली आहे, आणि दिव्यासमोर हात जसा धरावा तशी सावली पडते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

प्रथम माझीच चूक सांगतो. चाळिशीच्या आसपासचे एक भाजीविक्रेते उजव्या गुडघ्याच्या वेदनेसाठी माझ्याकडे येत. सोबत गुडघ्याचा एक्स-रे होता आणि त्यात विशेष काही नव्हते. मी चार महिने अभ्यंग, स्वेदन, जानुबस्ती आणि योगराज गुग्गुळ असा क्रम ठेवला. थोडा उपशय मिळे, पुन्हा वेदना. मग ते लंगडू लागले. तेव्हा कुठे मी त्यांना उताणे झोपवून पाय आतल्या बाजूस वळवून पाहिला, आणि ते कळवळले. दुखत होते गुडघ्यात, विकृती होती वंक्षण संधीत. या दोन्ही संधींना ज्या वातवाहिन्या शाखा देतात त्यांतील काही समान आहेत, त्यामुळे खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवू शकते. हे मी पदवी परीक्षेत लिहिलेले होते! चौकशीअंती असेही कळले, की त्वचाविकारासाठी ते दीर्घकाळ स्टिरॉइड घेत होते. तीही चौकशी मी आधी केलेली नव्हती.

पुढचा भाग अधिक बोधप्रद आहे. कटिराचा जो पहिला एक्स-रे काढला, त्यात उर्वस्थीचे शिर जवळजवळ निर्दोष दिसले. एका अस्थिरोगतज्ज्ञांनी पाय बेडकासारखे दुमडून व बाहेर फाकवून दुसरे चित्र घेण्यास सांगितले. त्या चित्रात शिराच्या पृष्ठभागाखाली चंद्रकोरीसारखी बारीक काळी रेषा होती. रक्तपुरवठा खंडित होऊन हाडाचा तो भाग निर्जीव झालेला होता. समोरून घेतलेल्या चित्रात खोबणीच्या कडा शिराच्या पुढच्या-वरच्या भागावर पडतात आणि नेमका तोच भाग झाकला जातो. रुग्ण तोच, यंत्र तेच. फक्त पायाची ठेवण बदलली. त्याहीपूर्वीच्या अवस्थेत कोणत्याही ठेवणीत एक्स-रे निर्दोषच असतो आणि एम.आर.आय. लागतो, हेही लक्षात ठेवावे. करोनाच्या साथीत अनेकांना स्टिरॉइड द्यावे लागले, आणि २०२१ साली मुंबईतून अशा रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. तेव्हा तरुण माणसाच्या खुब्यात, जांघेत अथवा 'निर्दोष' गुडघ्यात वेदना असतील, तर हा प्रश्न विचारल्याशिवाय तेलाची बाटली हाती देऊ नये.

खुब्याविषयी आणखी थोडे. सुश्रुताचार्यांनी वंक्षण संधीची गणना उलूखल प्रकारात केली आहे आणि जानु व गुल्फ संधींची कोर प्रकारात. उखळात मुसळ फिरावे तसा हा संधी सर्व दिशांना फिरतो. मात्र मुसळ सरळ नसून, उर्वस्थीची मान पुढच्या बाजूस सुमारे पंधरा अंशांनी वळलेली असते. रुग्ण उताणा झोपला की पावले आपोआप बाहेरच्या बाजूस पडतात. मग ही मान चित्रात आखूड दिसते आणि तिच्यातील बारीक भग्न लपून राहू शकतो. म्हणून तंत्रज्ञ दोन्ही पावले पंधरा ते वीस अंश आत वळवितो. ठेवण बरोबर होती की नाही हे आपणही सांगू शकतो: मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूचा लहान उंचवटा चित्रात ठळक दिसत असेल, तर पाय बाहेर वळलेला होता असे समजावे. मात्र वृद्ध व्यक्ती पडल्यानंतर तिचा पाय आखूड होऊन बाहेर वळलेला दिसत असेल, तर तो आत वळविण्याचा हट्ट कोणीही करू नये. तेथे भग्नच गृहीत धरावा आणि पाय आहे तसाच ठेवून रुग्णास रुग्णालयात पाठवावे.

आता गुडघा. साठीतील स्त्रीला झोपवून घेतलेल्या चित्रात संधीतील अंतर पुरेसे दिसते, आणि तिला उभे करताच आतल्या बाजूची हाडे एकमेकांना भिडलेली दिसतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. कारण उघड आहे. झोपलेल्या अवस्थेत संधीवर शरीराचा भार नसतो. आपल्या रुग्णाला वेदना होतात त्या चालताना, जिना उतरताना, उकिडवे बसून उठताना. मग चित्र मात्र निजलेल्या गुडघ्याचे का असावे? चिठ्ठीवर "दोन्ही गुडघे, उभ्याने" एवढे लिहिणे पुरेसे आहे. दोन्ही गुडघे एकाच फिल्मवर घेतल्याने तुलना होते आणि पाय धनुष्याकृती वाकला आहे का, याचा अंदाजही येतो. १९८८ साली रोझेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी याही पुढे जाऊन, गुडघे पंचेचाळीस अंश वाकवून, उभ्याने, मागून पुढे किरण सोडून चित्र घेण्याची पद्धत मांडली. तरुणास्थीची झीज पुष्कळदा उर्वस्थीच्या टोकाच्या मागच्या भागात अधिक असते आणि पाय ताठ असताना तो भाग संपर्कात येत नाही, हे त्यामागील शारीर. जिना उतरताना गुडघ्याच्या पुढच्या बाजूस वेदना असतील तर वाटीचे वेगळे चित्र, ज्याला स्कायलाइन व्ह्यू म्हणतात, मागवावे; समोरच्या चित्रात वाटी मांडीच्या हाडावर पडते आणि तिच्यामागील संधी दिसतच नाही.

याच संदर्भात एक कटू गोष्ट लिहितो. आपल्या परिषदांतून जानुबस्तीच्या अथवा एखाद्या कल्पाच्या 'आधी' आणि 'नंतर' असे दोन एक्स-रे पडद्यावर दाखविले जातात. संधीतील अंतर वाढलेले दिसते आणि सभागृहात टाळ्या पडतात. पहिले चित्र उभ्याने आणि दुसरे झोपवून घेतलेले असेल तर? गुडघा पाच-दहा अंश अधिक वाकलेला असेल, किंवा नळीचा कोन थोडा बदललेला असेल, तरीही हे अंतर बदललेले दिसते. औषधनिर्मात्यांच्या माहितीपत्रकांत तर ठेवणीचा उल्लेखच नसतो. माझे स्पष्ट मत आहे, की दोन्ही चित्रे एकाच ठेवणीत, एकाच अंतरावरून घेतल्याची नोंद नसेल तर ती पुरावा म्हणून सादर करू नयेत आणि आयोजकांनी ती स्वीकारू नयेत. आपल्या चिकित्सेने वेदना कमी होते, चालणे सुधारते, हे आपण नित्य पाहतो. त्यासाठी नाहीसे झालेले तरुणास्थी परत आल्याचे दाखविण्याची गरज काय? १९५७ साली केलग्रेन व लॉरेन्स यांनी शून्य ते चार अशी श्रेणी घालून दिली. ती आजही वापरात आहे. आणि श्रेणी मोठी असून वेदना अल्प, किंवा याच्या उलट, असे रुग्ण सर्वांनाच भेटतात. पार्ष्णीच्या काट्याचेही तसेच आहे. वातकंटकाचा रुग्ण एक्स-रेतील 'वाढलेले हाड' दाखवितो. तसाच काटा टाच मुळीच न दुखणाऱ्या अनेकांत असतो.

येथे थोडे विषयांतर. सुश्रुतांनी एका पायात तीस अस्थी मोजल्या: बोटांत पंधरा, तळ-कूर्च-गुल्फ मिळून दहा, पार्ष्णीत एक, जंघेत दोन, जानूत एक आणि ऊरूत एक. आधुनिक गणनेतही, कटिरास्थी वगळता, एका पायात तीसच हाडे येतात. हे ऐकून आपल्याकडे अभिमानाने मान डोलावण्याची पद्धत आहे. पण तपशील जुळवून पाहा: आजच्या गणनेत बोटांची हाडे चौदा आहेत, कारण अंगठ्यात दोनच असतात, आणि टाच वगळता उरलेल्या पावलात दहा नव्हे, अकरा. बेरीज जुळते, घटक जुळत नाहीत. ज्या आचार्यांनी शव सात रात्री पाण्यात ठेवून एकेक थर प्रत्यक्ष पाहण्यास सांगितले, त्यांचा शिष्य केवळ बेरजेवर समाधान मानील असे मला वाटत नाही.

घोट्याविषयीचा मजकूर औषधी विक्रेते मित्रांनी विशेषत्वाने वाचावा. पाय मुरगळलेला मनुष्य वैद्याकडे येण्यापूर्वी आपल्या दुकानात येतो, तेल आणि लाक्षादि गुग्गुळ मागतो, आणि घरी जाऊन जोराने चोळतो. प्रौढ व्यक्तीस एक्स-रेची गरज आहे का, हे ठरविण्यासाठी कॅनडातील ओटावा येथे १९९२ साली प्रसिद्ध झालेले नियम अत्यंत सोपे आहेत. आतल्या किंवा बाहेरच्या घोट्याच्या टोकावर अथवा मागच्या कडेवर, खालच्या सहा सेंटिमीटरमध्ये, हाडावरच दाबल्यास दुखते का? पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यभागी जो उंचवटा लागतो त्यावर, किंवा आतल्या बाजूस घोट्यापुढील नौकाकृती हाडावर दुखते का? मुरगळल्यावर लगेच आणि आताही चार पावले टाकता येत नाहीत का? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल तर तेल देऊ नये, मर्दन तर नाहीच. गुल्फ हे रुजाकर मर्म आहे, हे सांगून ग्राहकास एक्स-रेसाठी पाठवावे. घोट्याचे चित्र मागविताना समोरून व बाजूने याखेरीज पाय पंधरा-वीस अंश आत वळवून घेतलेले तिसरे चित्रही मागावे; नडगी, पोटरीचे बारीक हाड आणि त्यांच्या कवेतील हाड यांमधील फट त्यातच सर्व बाजूंनी मोकळी दिसते. आतला घोटा दुखावला असेल तर गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूसही दाबून पाहावे. पीळ पडून बारीक हाड तेथे, वरच्या टोकाजवळ, मोडलेले असू शकते, आणि घोट्यापुरत्या चित्रात ते येतच नाही.

याउलट, जे भग्न नाही त्याला भग्न समजण्याचा धोकाही आहे. गुडघ्यामागे वाटाण्याएवढे गोल हाड दिसले तर ते बहुधा स्नायुरज्जूतील छोटे हाड असते. वाटीच्या वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यातील गुळगुळीत कडांचा तुकडा हा पुष्कळदा वाटी दोन भागांत वाढल्याचा परिणाम असतो. वाढत्या वयातील मुलांच्या हाडांच्या टोकांशी असलेल्या काळ्या रेषा या वाढीच्या जागा आहेत.

"वैद्याने दर्शन, स्पर्शन, प्रश्न करावे, एक्स-रेच्या मागे का लागावे?" असा आक्षेप ज्येष्ठ मंडळी घेतील. आक्षेप अर्धा योग्य आहे. मी माझ्या रुग्णास स्पर्शन केले असते तर चार महिने वाया गेले नसते. पण आपण एक्स-रे मागवतोच, रुग्ण त्याचे पैसे देतोच, मग तो योग्य ठेवणीत का मागवू नये? दुसऱ्या टोकाला अधिकारांची चर्चा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने शल्य-शालाक्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी शस्त्रकर्मांची यादी अधिसूचित केली, आणि तेव्हापासून आपल्या सभांतून त्यावर बरेच बोलले गेले. त्या मानाने चिठ्ठी नीट लिहिण्याच्या अधिकारास कोणाचीच हरकत नाही.

मी आता चिठ्ठीवर असे लिहितो: "वय ६२, स्त्री. उजव्या गुडघ्यात आतल्या बाजूस दोन वर्षे वेदना, चालताना वाढतात. कृपया दोन्ही गुडघे समोरून, उभ्याने. उजवा गुडघा बाजूने, किंचित वाकवून. उजव्या वाटीचे स्कायलाइन चित्र. शंका: तरुणास्थीची झीज." चित्र हाती आल्यावर प्रथम नाव व दिनांक, मग उजवे-डावे दर्शविणारे चिन्ह, मग ठेवण, आणि त्यानंतर हाड पाहतो, मोबाईलवरील छायाचित्रावरून मत देत नाही. उभ्याने चित्र का हवे, असे आमच्या गावातील तंत्रज्ञांनी सुरुवातीस एकदा दूरध्वनी करून विचारले होते. आता ते विचारीत नाहीत, उलट मी लिहावयास विसरलो तर तेच आठवण करून देतात. कटिराचे चित्र मागविताना स्त्री-रुग्णाच्या पाळीचा दिनांक चिठ्ठीवर लिहिण्याची सवय मात्र मला अजून पक्की लागलेली नाही. म्हणून या महिन्यात छापून घेतलेल्या नव्या चिठ्ठ्यांवर त्यासाठी वेगळी ओळ ठेवली आहे.