फवारणीआधी पेरणीचा विचार

इथेनॉलसाठी मागणी वाढल्यापासून मक्याकडे शेतकऱ्यांचा ओढा वाढला आहे. पण सलग मका म्हणजे अमेरिकन लष्करी अळीला आयतेच जेवणाचे ताट. ही कीड भारतात २०१८ मध्ये प्रथम कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. अळी पोंग्यात दडून खाते, तिथे औषध नीट पोचत नाही. मग फवारण्या वाढतात आणि शेतीचा प्रश्न दवाखान्यात येतो.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने सुमारे २० जणांचा जीव घेतला. कीटकनाशक केवळ पोटातून नव्हे, तर श्वासातून आणि घामाने भिजलेल्या कातडीतूनही शरीरात जाते. त्यामुळे एक फवारणी वाचली, तरी तो आरोग्याचा लाभच.

इथे आपल्या जुन्या पद्धतीची आठवण होते. ज्वारीत तूर, मक्यात उडीद किंवा मूग. मिश्र शेतात वेगवेगळ्या वासांमुळे मादी पतंगाला आपले पीक शोधणे अवघड जाते. कडधान्याच्या पानाफुलांत ढालकिडे, कोळी आणि किडीच्या अंड्यांत वाढणारी ट्रायकोग्रामा गांधीलमाशी यांना आसरा मिळतो. केनियात शास्त्रज्ञांनी मक्यात डेस्मोडियम हे शेंगवर्गीय पीक आणि कडेने नेपियर गवत लावून पाहिले. डेस्मोडियम खोडकिड्याच्या पतंगांना दूर सारते, नेपियर त्यांना ओढून घेते. आपल्याकडेही लष्करी अळीसाठी मक्यात तूर, उडीद, मूग आणि बांधाला नेपियर अशी शिफारस आहे.

अर्थात हा रामबाण उपाय नव्हे. ज्वारीच्या कणसावरची घाटेअळी तुरीवरही येते, म्हणून जोडी विचारपूर्वक निवडावी. ओळी दाट झाल्या, तर मुख्य पिकाचे उत्पन्न घटते. शिवाय सरसकट फवारणी केली, तर मित्रकीटक आधी मरतात आणि आंतरपिकाचा फायदाच जातो. आधी शेतात फिरून अंडीपुंज, पोखरलेले पोंगे मोजावेत. गरज असेल तरच औषध घ्यावे.

फवारताना पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, मास्क हवेतच. नंतर घाम, लाळ, उलट्या, दम किंवा अंधुक दिसणे सुरू झाले, तर कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाची बाटली घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे. बाटलीवरचे नाव कळले, की उपचाराची दिशा लवकर ठरते.