झाडीपट्टीतला चाचा

गेल्या जानेवारीत ब्रह्मपुरीकडच्या एका गावी नाटक पाहायला गेलो होतो. दिवसा शंकरपट होता, आणि आमच्या झाडीपट्टीत शंकरपट म्हटला की रात्री नाटक ठरलेलंच. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मंडप, लोक चादरी पांघरून बसलेले, थंडी मी म्हणत होती. दुसऱ्या अंकात एक मुसलमान पात्र आलं. डोळ्यांत सुरमा, गळ्यात तावीज, खांद्यावर चौकड्यांचा रुमाल आणि तोंडी ‘हम तुमको छोडेगा नही’ छापाची भाषा. लोक खो खो हसले. मीही हसलो. शेजारी बसलेला माझा मित्र मात्र आधी माझ्याकडे पाहत होता, मी हसतो की नाही ते बघून मग हसायला.

पहाटे नाटक सुटलं. चहाच्या टपरीवर तोच नट भेटला, चेहऱ्यावर अर्धा रंग तसाच. मी म्हणालो, ‘‘दादा, काम झकास केलं. पण आमच्या मोहल्ल्यात असं कोणीच बोलत नाही. मी तुमच्यासारखाच बोलतो.’’ त्याला राग आला नाही. म्हणाला, ‘‘बरोबर आहे भाऊ. पन लिहून कोन देते? तू लिहून आन, मी करतो.’’

या वाक्याने माझी तेव्हापासून पाठ सोडलेली नाही.

मित्रांनो, १ ऑगस्ट २०२५ची संध्याकाळ आठवा. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले. ‘जवान’साठी शाहरुख खानला पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला (विक्रांत मेस्सीबरोबर विभागून), आणि चंद्रपूर-बल्लारपुरातल्या माझ्या ओळखीच्या निम्म्या पोरांनी हात पसरलेला शाहरुख स्टेटसला ठेवला. त्याच यादीत उत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार ‘द केरला स्टोरी’ला होता. या चित्रपटाच्या जाहिरातीतला ३२ हजार मुलींचा आकडा कोर्टात टिकला नाही. त्याला अधिकृत आधार नाही, अशी सूचना चित्रपटात दाखवायला सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी सांगितलं. (योगायोग असा, की त्याच दिवशी त्याच न्यायालयाने बैलांच्या शर्यतींचा मार्ग मोकळा केला. आमच्याकडे चर्चा झाली ती शंकरपटाची.) एकाच कागदावर आपला लाडका नट आणि आपल्याला राक्षस ठरवणारा चित्रपट. एकासाठी टाळ्या, दुसऱ्यासाठी संताप. दोन्ही खरे. पण दोन्हींत आपण बसलोय प्रेक्षकांतच.

आणि संतापसुद्धा आपण निवडून करतो. त्याच दिग्दर्शकाने, तीच नायिका घेऊन २०२४ मध्ये ‘बस्तर’ काढला. इंद्रावती ओलांडली की बस्तर. नदीच्या या काठाला भामरागड आणि सिरोंचा, दोन्हीकडे माडिया-गोंडांची एकमेकांत सोयरीक. माझ्या वर्गात गोंड मुलं होती, त्यांच्याबरोबर मी डबा खाल्लाय. पडद्यावर मात्र आदिवासी दिसतो तो एक तर बंदूक धरलेला, नाहीतर दोन बंदुकांच्या मध्ये सापडलेला मुका माणूस. यावर आपल्यापैकी कितीजण बोलले? मी नाही बोललो. ‘न्यूटन’मधली अंजली पाटीलची मल्को मला अजून आठवते, कारण ती शांतपणे बोलते, शिकवते आणि शहरातून आलेल्या साहेबाला त्याचं अज्ञान दाखवते. असं पात्र आठवायला मला २०१७ पर्यंत मागे जावं लागतं.

मराठीत आपली गत काय? ‘हलाल’ राजन खान यांच्या कथेवरून आला, धाडसी होता, यायलाच हवा होता. तरी तिथे आपण आलो ते प्रश्न म्हणून. मला जास्त जवळचा वाटतो ‘सैराट’मधला सल्या. अरबाज शेखने रंगवलेला सलीम. मित्रासाठी धावतो, मार खातो, चिडवतो आणि करमाळ्याकडचं मराठी बोलतो. त्याच्या धर्माला कथेत काहीच काम नाही. नागराज मंजुळेने हे सहज केलं, कारण त्याच्या गावात सल्या असतोच. आमच्याही गावात असतो. वडशात पंक्चर काढतो, राजुऱ्यात धान्याचा व्यापार करतो, गडचिरोलीत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. तो झाडीपट्टीच्या मंचावर का नाही?

या रंगभूमीला कोणी किरकोळ समजू नये. दिवाळीनंतर सुरू होऊन होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाची गावं रात्र रात्र जागतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिचं केंद्र. तिथे नाटक कंपन्यांची ऑफिसं ओळीने आहेत, आणि गावोगावची मंडळं येऊन नाटकं ठरवून जातात. गाणी मंचावरच गायली जातात, साथीला ऑर्गन-तबला. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. विनोदी नट, ८०० भूमिका आणि ५ हजारांवर प्रयोग. त्यांचा फोटो मात्र त्या दिवशी मला एकाच्याही स्टेटसला दिसला नाही.

सगळं गोड आहे असंही नाही. गर्दीसाठी अधूनमधून घुसडलेले नाच बघवत नाहीत. मुंबईच्या मालिकेतला चेहरा आणून पोस्टरवर मोठा छापायचा आणि वर्षानुवर्षं राबणाऱ्या स्थानिक नटीचं नाव खाली बारीक अक्षरात, हे मला चीड आणतं. पण इथे लेखकाचं गाव प्रेक्षकांच्या गावापासून तासाभरावर असतं. बॉलीवूडपर्यंत आपला आवाज पोचणार नाही. वडशापर्यंत मोटारसायकलने जाता येतं.

अडसर दुसरीकडेही आहे, आणि तो घरातला आहे. मी नाटक लिहितोय म्हटल्यावर मामूजान म्हणाले, ‘‘बेटा, ये नौटंकी अपने लोगों का काम नहीं.’’ टीव्हीवर सलमानचा चित्रपट चालू होता तेव्हा, मामूजान पण बघत होते. बहिणीला विचारलं, येतेस का नाटकाला? तिने अम्मीकडे पाहिलं. पडद्यावरच्या खानांचा अभिमान आपल्याला चालतो, आपल्या घरातून कोणी रंग लावलेला चालत नाही. बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेलने असं ऐकलं असतं तर संयुक्त महाराष्ट्राला शाहीर अमर शेख मिळाला नसता. दौंडला लहान मुलं तपासणाऱ्या डॉ. जब्बार पटेलांनी ऐकलं असतं तर ‘घाशीराम कोतवाल’ कोणी बसवलं असतं?

तर मी लिहायला बसलोय. नायक नाही, एक खाला आहे. धानाच्या हंगामात बायांची टोळी घेऊन रोवणीला जाते, मजुरीवरून मालकाशी भांडते, झाडीबोलीत शिव्या देते आणि घरी आल्यावर नातवाशी आमच्या त्या ना धड उर्दू ना धड हिंदी भाषेत बोलते. चार पानं झाली. ती पानं त्या नटाला फोनवर वाचून दाखवली. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘हसू कुठं येते?’’ ती पानं पुन्हा लिहितोय. दिवाळीपूर्वी तालमी लागतात, तोवर संपवायची आहेत. बहीण रात्री वाचून चुका काढते. शिव्या कमी वाटतात, असं तिचं मत आहे.