शोध कोणाचा, मक्ता कोणाचा?

पुण्याच्या सदाशिव पेठेचा इतिहास सांगताना विद्वानांची, संस्थांची आणि ग्रंथांची नावे आवर्जून घेतली जातात. विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये सुरू केलेली चित्रशाळा याच पेठेत नांदली. १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आजही याच पेठेत उभे आहे. परंतु ही सारी विद्या ज्यांच्या बोटांतून कागदावर उतरली त्या खिळे जुळवणाऱ्या कामगारांचे नाव या इतिहासात क्वचितच येते. काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे देवनागरी केसमधील खान्यांची संख्या शेकड्यांत जाई. त्यांतून एकेक खिळा उचलून ओळ सिद्ध करणे हे वर्षानुवर्षांच्या सरावाने येणारे कसब होते. पुढे ऑफसेट आला, संगणक आला, शिशाचे खिळे भंगाराच्या भावाने गेले आणि त्यांच्याबरोबर जुळाऱ्याचे कसबही मोडीत निघाले.

यंत्र सुधारले म्हणून कोणी शोक करावा असे नाही. दिवसभर शिसे हाताळण्यात कामगाराच्या आरोग्याचे कल्याण खचितच नव्हते. समाजवादी चळवळ यंत्राची वैरी कधीच नव्हती. तिचा प्रश्न निराळा आहे: यंत्रातील प्रत्येक सुधारणेमागे कोणाची तरी बुद्धी असते आणि प्रत्येक सुधारणेमुळे कोणाचे तरी श्रम वाचतात, मग त्या बुद्धीचे मोल आणि वाचलेल्या श्रमाचे फळ नेमके कोणाच्या पदरात पडते? पेटंटच्या, म्हणजेच एकस्वाच्या, कायद्याचा विचार या प्रश्नाला वगळून करता येत नाही.

या खिळ्यांच्याच धंद्यात एका मराठी संशोधकाची कहाणी घडली आहे. शंकर आबाजी भिसे यांचा जन्म १८६७ चा, मुंबईचा. विजेचे युग नुकते उगवत होते त्या काळात या तरुणाने वजन करणाऱ्या स्वयंचलित यंत्रापासून विजेच्या जाहिरात-फलकापर्यंत नाना कल्पना लढवल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते लंडनला गेले. दादाभाई नौरोजींनी त्यांना केवळ आशीर्वाद दिला नाही, पैशाचे पाठबळही दिले. तेथे भिसे यांनी छपाईचे खिळे आपोआप व अतिशय वेगाने ओतणारे यंत्र सिद्ध केले. ते ‘भिसोटाइप’ म्हणून ओळखले जाते. त्याची एकस्वे त्यांनी रीतसर मिळवली. कल्पना होती, कसब होते, कायद्याचा कागदही होता. नव्हते ते भांडवल.

दादाभाईंच्या ओळखीने ब्रिटिश समाजवादी चळवळीचे आद्य नेते हेन्री हिंडमन यांनी हे भांडवल उभारण्याचा प्रयत्न केला. परंतु १९०७ च्या अखेरीस तो फसला. समाजवाद्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. भांडवलाच्या बाजारात समाजवादी पुढाऱ्याचा शब्द चालत नाही, आणि सद्‍भावना हे सार्वजनिक संस्थेला पर्याय होऊ शकत नाही. निराश होऊन १९०८ मध्ये परत येणाऱ्या भिसे यांची गाठ गोपाळ कृष्ण गोखल्यांशी पडली. पुण्यात १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापन करणाऱ्या गोखल्यांनी त्यांना रतन टाटांपर्यंत पोहोचवले आणि १९१० मध्ये टाटांच्या पैशावर भिसे यांच्या शोधांसाठी एक मंडळी उभी राहिली. पहिल्या महायुद्धाच्या काळात तोही आधार संपला. १९१६ मध्ये भिसे अमेरिकेला गेले, तेथे नव्याने यंत्रे घडवली, आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्येच निवर्तले. ‘भारताचे एडिसन’ अशी पदवी त्यांना मिळाली; पण ज्या देशाची ही पदवी त्या देशात त्यांच्या यंत्राचा कारखाना उभा राहिला नाही.

या कहाणीतून केवळ परकीय राज्याचा दोष काढून थांबणे सोपे आहे. तथापि स्वतंत्र आणि संपन्न देशांतील संशोधकांची स्थिती तपासली तर वेगळेच चित्र दिसते. भिसे ज्या धंद्यात उतरले त्या धंद्याचा कायापालट करणारे लायनोटाइप यंत्र जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या ऑटमार मर्गेनथालर या घड्याळजी कारागिराने घडवले. १८८६ मध्ये ते ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’च्या छापखान्यात चालू झाले. परंतु त्यामागील भांडवल वृत्तपत्रमालकांचे होते. त्यांच्याशी बेबनाव होऊन दोनच वर्षांत मर्गेनथालरला कंपनीतून बाहेर पडावे लागले आणि १८९९ मध्ये तो क्षयाने मेला. विजेच्या दिव्यातील कार्बनची तार तयार करण्याची सुधारित रीत १८८२ मध्ये पेटंट करणारा लुईस लॅटिमर हा गुलामगिरीतून पळून आलेल्या मातापित्यांचा मुलगा. त्या रीतीचा लाभ ज्या कंपनीत तो नोकरीला होता तिला झाला. फिरत्या चुंबकीय क्षेत्रावर चालणाऱ्या मोटारीची एकस्वे १८८८ मध्ये वेस्टिंगहाउसला देणारा निकोला टेस्ला १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात एकाकी आणि निर्धन अवस्थेत मरण पावला. खुद्द एडिसनच्या नावावरील १०९३ अमेरिकी पेटंटांमागे त्याच्या प्रयोगशाळेत पगारावर राबणाऱ्या कारागिरांचे आणि सहायकांचे हात होते, हे त्याच्या चाहत्यांनाही नाकारता येणार नाही.

संशोधकाच्या वाट्याला हे आले. मग समाजाच्या वाट्याला काय आले? पेटंट म्हणजे समाजाने संशोधकाशी केलेला करार, असे या व्यवस्थेचे समर्थक सांगतात. शोध उघड करून सांग, तो वापरात आण, त्याबदल्यात काही वर्षे मक्ता घे, असे त्या कराराचे स्वरूप. विद्युत उद्योगात या कराराचे काय झाले ते पाहावे. १८९६ मध्ये जनरल इलेक्ट्रिक आणि वेस्टिंगहाउस या अमेरिकेतील दोन बड्या प्रतिस्पर्ध्यांनी आपली पेटंटे एकमेकांस वापरू देण्याचा समझोता केला. त्यामुळे त्यांचे आपसांतील खटले थांबले आणि तिसऱ्या कोणाला या धंद्यात शिरणे दुरापास्त झाले. १९२४ मध्ये जगातील प्रमुख दिवा-उत्पादकांनी जिनिव्हात ‘फीबस’ नावाचा संघ उभारला. विजेचा दिवा एक हजार तासांहून अधिक टिकता कामा नये असा नियम या संघाने केला आणि अधिक टिकाऊ दिवे काढणाऱ्या सभासदाला दंड ठेवला. ज्ञानाच्या प्रसारासाठी दिलेला मक्ता मालाची गुणवत्ता खाली आणण्यासाठी वापरला गेला, याहून त्या कराराची विटंबना ती कोणती!

उलट बाजूचे उदाहरणही तितकेच बोलके आहे. हॉलंडने १८६९ मध्ये पेटंटचा कायदाच रद्द केला आणि १९१२ पर्यंत तो पुन्हा आणला नाही. या मधल्या काळात, १८९१ मध्ये, आइंडहोवन येथे फिलिप्सचा दिव्यांचा कारखाना निघाला. दुसऱ्यांच्या शोधांवर मोकळेपणाने शिकून तो मोठा झाला आणि मोठा झाल्यावर त्याच फीबस संघात सामील झाला. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी परदेशी नांगर समोर ठेवून आपला लोखंडी नांगर घडवला आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. मागे असलेल्या देशाचा उद्योग प्रथम पाहून, मोडून, जोडून शिकतो. ज्यांनी स्वतः अशीच शिडी वापरली तेच वर पोचल्यावर ती काढून घेण्यासाठी कायद्याचा आग्रह धरतात.

भारतातील पेटंटच्या कायद्याचा उगम या दृष्टीने उद्बोधक आहे. हा कायदा येथे प्रथम १८५६ मध्ये आला आणि त्याखाली पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज डीपेनिंग या अभियंत्याने केला, तो पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. साहेबाच्या डोक्यावरचा पंखा दोरीने ओढणारा पंखेवाला त्या अर्जात कोठेही पक्षकार नव्हता. स्वातंत्र्यानंतर १९५९ मध्ये न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी आपला अहवाल दिला. भारतातील ऐंशी ते नव्वद टक्के पेटंटे परकीयांच्या हाती असून त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक या देशात वापरातच आणली जात नाहीत, असे त्यात दिसून आले. म्हणजे येथे वस्तू बनवायची नाही, दुसऱ्याला बनवू द्यायची नाही, आणि आयात करून हवी त्या किमतीला विकायची. या अहवालाच्या पायावर १९७० चा कायदा उभा राहिला. केवळ आयातीची मक्तेदारी भोगता यावी म्हणून पेटंट दिले जात नाही, हे तत्त्व त्यात स्पष्ट लिहिले गेले आणि ते आजही त्याच्या ८३ व्या कलमात आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या दडपणाखाली १९९९, २००२ आणि २००५ मध्ये त्यात दुरुस्त्या झाल्या, मक्त्याची मुदत वीस वर्षांवर गेली. तरीही हे कलम वाचले. याच तत्त्वाच्या बळावर २०१२ मध्ये कर्करोगावरील एका औषधाचा सक्तीचा परवाना दिला गेला आणि महिन्याला सुमारे दोन लाख ऐंशी हजार रुपयांचे ते औषध ८,८०० रुपयांत मिळण्याचा मार्ग खुला झाला. औषधाला जे लागू तेच मोटारीला, पंपाला आणि बॅटरीलाही लागू आहे.

परंतु तत्त्व कलमात असून भागत नाही. ते अमलात आणण्यासाठी माहिती लागते. आपले पेटंट भारतात वापरात आणले की नाही, हे सांगणारे निवेदन पेटंटधारकाने ‘नमुना २७’ मध्ये दरवर्षी द्यावे असा नियम होता. मार्च २०२४ मधील नियमदुरुस्तीने ते आता तीन वर्षांतून एकदा द्यायचे ठरले आहे. धंद्याची सुलभता हे त्याचे कारण सांगितले जाते.  वीस वर्षांच्या मक्त्याच्या बदल्यात वर्षातून एकदा हिशेब देणे ज्यांना जाच वाटतो, त्यांच्या मक्त्याविषयीच शंका घेणे भाग आहे.

ही झाली कराराची समाजाकडील बाजू. शोध लावणाऱ्याची बाजू तर याहूनही दुबळी आहे. आज बहुतेक शोध एकाकी भिसे लावत नाहीत. ते कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत पगारावर काम करणारी माणसे लावतात. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण येथील कोणत्याही कारखान्यात जिग थोडी बदलून वेळ वाचवणारा, वाइंडिंगची रीत सुधारून माल वाचवणारा कामगार सापडेल. अशा सूचनेबद्दल फार तर एखादे प्रशस्तिपत्र किंवा बक्षीस त्याच्या हाती पडते. आपल्या कायद्याच्या २८ व्या कलमानुसार संशोधकाचे नाव पेटंटवर नमूद होऊ शकते. पण त्या नोंदीने पेटंटमध्ये कोणताही हक्क उत्पन्न होत नाही, असेही तेच कलम सांगते. नोकरीत लावलेल्या शोधाच्या लाभात कामगाराला वाटा असावा, याविषयी हा कायदा मूक आहे. पश्चिम जर्मनीने १९५७ मध्येच यासाठी स्वतंत्र कायदा केला: मालकाने कामगाराच्या शोधावर हक्क सांगितला तर त्याला वाजवी मोबदला द्यावाच लागतो. जर्मन कारखानदारी त्यामुळे बुडाली नाही. मग भारतातील कारखानदारीच बुडेल असे कोणी म्हणत असेल तर त्याने ते सिद्ध करून दाखवावे.

कंत्राटी पद्धतीने या प्रश्नाला आणखी एक धार आणली आहे. जो कामगार उद्या या फाटकातून आत येईल की नाही याची त्याला स्वतःलाच खात्री नाही, तो आपली युक्ती कोणाला आणि कशासाठी सांगेल? शिवाय सुचवलेल्या सुधारणेने दोन माणसांची जागा जाणार असेल, तर त्या दोघांत आपणही असू ही भीती त्याला गप्प बसवते. बुद्धीला वाव मिळत नाही म्हणून उद्योग मागे राहतो, आणि उद्योग मागे राहिला की मजुरी कमी ठेवण्याचे समर्थन केले जाते. हे चक्र तोडण्याचा मार्ग कायम नोकरी, सुरक्षितता आणि लाभातील वाटा यांतूनच जातो.

म्हणून समाजवादी कार्यकर्त्यांनी या विषयाकडे वकिलांचा आणि तज्ज्ञांचा विषय म्हणून पाहू नये. तीन मागण्या ठामपणे मांडल्या पाहिजेत. पहिली, नमुना २७ मधील निवेदन पुन्हा वार्षिक करावे आणि ते सामान्य नागरिकाला समजेल अशा रीतीने प्रसिद्ध करावे. दुसरी, नोकरीत लावलेल्या शोधाच्या लाभात कामगाराला वाटा देणारा कायदा संसदेने करावा. आणि तो होईपर्यंत कामगार संघटनांनी प्रत्येक वेतनकरारात तसे कलम घालण्याचा आग्रह धरावा. सुधारणेमुळे ज्यांचे काम जाईल त्यांना पगार न तोडता नवे काम शिकवण्याची हमीही त्याच कलमात असावी. तिसरी, औद्योगिक प्रशिक्षण संस्था व अभियांत्रिकी महाविद्यालये यांच्या कार्यशाळा संध्याकाळी कारागिरांसाठी खुल्या कराव्यात आणि नमुना-यंत्र घडवण्यासाठी त्यांना सार्वजनिक निधीतून साहाय्य मिळावे.

यांपैकी दुसऱ्या मागणीसाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या प्रत्येक वेतनकराराच्या वाटाघाटीत ती मांडता येईल, प्रत्येक फाटकसभेत समजावून सांगता येईल. भिसे यांना दादाभाई भेटले, गोखले भेटले, टाटाही भेटले, आणि तरीही त्यांचे यंत्र त्यांच्या देशात रुजले नाही. थोरांच्या ओळखीवर जे अवलंबून राहते ते टिकत नाही. कायद्याने आणि संघटनेच्या बळावर मिळवलेला हक्क मात्र टिकतो, आणि तो मिळवणे हे आपले काम आहे.