विश्लेषण : ऐन परीक्षेत रोजे… विद्यार्थी तब्येत कशी सांभाळतात?

चांदूर रेल्वेसह राज्यभरात यंदा दहावी-बारावीची परीक्षा आणि रमजान एकाच वेळी आले. २०२५ मध्ये २ मार्चला रोजे सुरू झाले, तेव्हा परीक्षा आधीच सुरू झाली होती. २०२६ मध्ये रोजे १९ फेब्रुवारीला सुरू झाले आणि दुसऱ्याच दिवशी दहावीचा पहिला पेपर होता. अशा वेळी विद्यार्थ्यांच्या आरोग्याचे काय, इतर देश काय करतात, याचा आढावा.

परीक्षा आणि रमजान एकत्र का आले?

इस्लामी वर्ष चंद्राच्या गतीवर चालते. ते ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते. त्यामुळे रमजान दरवर्षी १० ते ११ दिवस अलीकडे सरकतो. २०१८ मध्ये तो मे-जूनमध्ये होता. वऱ्हाडात तेव्हा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, पण शाळांना सुट्या होत्या. आता ऊन तुलनेने कमी आहे, पण परीक्षा आहे.

रोजा किती तासांचा असतो?

पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत. एकादशीसारखा साबुदाणा चालत नाही, पाण्याचा घोटही नाही. चांदूर रेल्वे परिसरात फेब्रुवारीच्या अखेरीस सहरी साडेपाचच्या सुमारास संपते आणि इफ्तार सव्वासहाच्या पुढे होतो. म्हणजे रोजा साधारण १३ तासांचा. विषुवदिन जवळ असल्याने सध्या लंडन असो वा जकार्ता, रोज्याचे तास जवळपास सारखेच आहेत. जून महिन्यात मात्र ब्रिटनमध्ये हाच रोजा १८ तासांच्या पुढे जातो.

खरी अडचण कुठे आहे?

राज्य मंडळाचा दुपारचा पेपर ३ वाजता सुरू होऊन ६ वाजून १० मिनिटांनी संपतो. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांत इफ्तारची वेळ होते. गावाहून एसटीने आलेला विद्यार्थी तेव्हा केंद्राच्या फाटकाजवळ किंवा बसथांब्यावर असतो. शिवाय पेपरचा शेवटचा तास हा उपाशीपोटीचा बारावा-तेरावा तास असतो. डोके दुखणे, हात थरथरणे, लक्ष न लागणे याच वेळी जाणवते. सकाळी ११ चा पेपर त्या मानाने सोपा जातो.

दुसरी अडचण झोपेची. रात्री तरावीहची नमाज, मग उजळणी आणि पहाटे साडेचारला सहरीसाठी उठणे. झोप चार तासांवर आली तर केलेला अभ्यासही आठवत नाही. नेदरलँड्समधील विद्यापीठीय विद्यार्थ्यांवरील २०१३ च्या एका अभ्यासात रमजानच्या काळात मुस्लिम विद्यार्थ्यांचे गुण काहीसे घसरल्याचे आढळले होते.

इतर देश काय करतात?

दुबईत खासगी शाळांचा दिवस रमजानमध्ये जास्तीत जास्त पाच तासांचा ठेवला जातो. इंडोनेशियाने २०२५ मध्ये रमजानच्या सुरुवातीचे काही दिवस घरून अभ्यासाचे ठरवले. बांगलादेशात २०२४ मध्ये शाळा सुरू ठेवायच्या की बंद, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ब्रिटनमध्ये रमजान मे-जूनच्या परीक्षांत आला, तेव्हा मुख्याध्यापकांच्या संघटनेने मुस्लिम अभ्यासकांच्या मदतीने शाळांसाठी मार्गदर्शिका काढली. रोजा ठेवायचा की नंतर भरून काढायचा, हा निर्णय विद्यार्थी आणि कुटुंबाचा, पण त्यांना माहिती पुरवणे शाळेचे काम, अशी त्यामागची भूमिका होती.

सहरी-इफ्तारला काय खावे?

सहरी टाळू नये. हळूहळू पचणारे अन्न दुपारपर्यंत पुरते. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंडे, दही, केळ हे वऱ्हाडातल्या घरात असतेच. लोणचे, पापड, खारे शेंगदाणे यांनी तहान वाढते. चहाची सवय रमजानच्या आधीच कमी केली तर पहिल्या आठवड्यातली डोकेदुखी टळते. इफ्तार खजूर, पाणी आणि फळांनी करावा. रिकाम्या पोटी भजी, समोसे आणि गोड सरबत यांचा मारा झाला की सुस्ती येते आणि रात्रीचा अभ्यास बुडतो. पाणी एकदम न पिता इफ्तार ते सहरी थोडे थोडे प्यावे. दुपारच्या पेपरला जाताना पिशवीत खजूर आणि पाण्याची बाटली असू द्यावी.

रोजा कोणी ठेवू नये?

वयात न आलेल्या मुलांवर रोजा बंधनकारक नाही. आजारी व्यक्ती आणि प्रवासी यांना कुराणातच सवलत आहे, ते रोजे नंतर ठेवता येतात. मासिक पाळीत मुली रोजा ठेवत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. त्यामुळे सतत थकवा असलेल्या मुलींनी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

मधुमेह असलेल्या, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा ठेवू नये. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेल्यास रोजा लगेच सोडावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. बोटातून रक्त घेऊन साखर तपासल्याने रोजा मोडत नाही. भोवळ, गोंधळल्यासारखे होणे, वारंवार उलट्या किंवा लघवी अगदी कमी होणे, ही लक्षणे दिसली तर कोणीही थांबू नये.

शाळा आणि पालक काय करू शकतात?

यासाठी वेळापत्रक बदलावे लागत नाही. दुपारच्या पेपरनंतर केंद्रावर पिण्याचे पाणी आणि दहा मिनिटे बसायला एखादी खोली पुरे. पर्यवेक्षकांना ही लक्षणे ठाऊक असावीत. घरच्यांनी रात्री दहानंतर जागरण टाळावे आणि पहाटेच्या नमाजनंतर मुलाला तासभर झोपू द्यावे. २०२७ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, तर २०२८ मध्ये जानेवारीच्या अखेरीस सुरू होईल. परीक्षा याच महिन्यांत राहिल्या तर ही तयारी किमान दोन वर्षे तरी लागणार आहे.