किल्ली देण्यापूर्वी

“या गाडीला परवाना लागत नाही,” असे म्हणत पेढीवरील वडीलधारे विजेच्या दुचाकीची किल्ली १४ वर्षांच्या नातवाच्या हाती निःशंकपणे देतात. कायद्याची सवलत मात्र अरुंद आहे. मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तरच ती मिळते. वेगाची मर्यादा काढून टाकलेली गाडी मोटार वाहन ठरते. अल्पवयीनाकडून गुन्हा घडल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनुसार, पालकास वा मालकास ३ वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. स्वतः किल्ली देणाऱ्यास अजाणतेपणाची सबबही उरत नाही. माल पारखून घेणाऱ्यांनी नातवाला किल्ली देण्यापूर्वी गाडीची कागदपत्रेही तितकीच पारखावीत.